सायबासाठी केलेले मांडे

माझी माय कोणाला शिव्या देत नसे. तिच्या वाट्याच्या शिव्या मी देते, आणि आता म्हातारपणी जरा जास्तच देते. जीप दिसली की माझं तोंड सुटतं. नातवंडं म्हणतात, आजी, काऊन एवढी भडकते बाप्पा? मी म्हणते, बसा, सांगते. पण ती कुठं बसतात! तेव्हा जे बसतील त्यांच्यासाठी सांगते.

आमचं गाव घाटावरचं. दुसरबीडचा बाजार पायी करून दिवस मावळायच्या आत घरी पोचता येईल, एवढ्या अंतरावर. जमीन हलकी, मुरमाड. आमच्याकडे विहिरीखाली भाजीपाल्याचा छोटा तुकडा होता. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मिरच्या. बाबांना दमा होता. ते पाणी धरायचे, निंदायचे, पण चार पावलं ओझं नेलं की छातीचा भाता व्हायचा. त्यामुळे बाजाराची पाटी मायच्या डोक्यावर. माय पाटी घेऊन निघाली की मी आणि बाबा घरी. संध्याकाळी ती येईपर्यंत बाबांचं लक्ष वाटेकडे. तिच्याशिवाय त्यांना एक दिवस करमत नसे, आणि हे ते कबूल मात्र करत नसत. ‘‘आली का बाजारची राणी,’’ एवढंच म्हणायचे.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील, तेव्हाचा तो मोठा दुष्काळ. आधीच्या साली पाऊस अर्धामुर्धा पडला. त्या साली तोही नाही. ज्वारी वीतभर वाढून करपली, कपाशीला बोंड धरलं नाही. आमची विहीर पोळ्यालाच तळाला गेली. भाजीचा तुकडा असा तडकला की भेगेत माझा पाय अडकायचा. गावच्या विहिरीत बाया आळीपाळीनं उतरायच्या आणि करवंटीनं पाणी खरवडून घागर भरायच्या. रेशनला परदेशातली तांबडी ज्वारी येत होती. तिची भाकर थापतानाच फाटायची आणि खाल्ली की घशात अडायची. तीही रोज मिळेल याचा भरवसा नव्हता.

आसपासच्या गावांत सरकारनं कामं काढली होती. कुठं रस्ता, कुठं नाल्यावर बांध. मजुरी मिळायची, लेकरांना खायला सुकडी मिळायची. आमच्या गावाला अजून काम नव्हतं. गावाबाहेरच्या नाल्यावर तलावासारखा बांध घालावा, अशी मागणी सरपंचांनी केली होती. तसं झालं असतं तर माय सकाळी भाकर बांधून जाऊन दिवसभर माती टाकून संध्याकाळी घरी आली असती. नाही झालं तर घाटाखाली खडी फोडायला जावं लागणार होतं. तिथं माळावर पालं ठोकून राहावं लागायचं. बाबांना नेणं शक्य नव्हतं. खडीची धूळ आणि घाटाखालचं ऊन त्यांच्या छातीला कसं सोसणार? म्हणजे माय घरात राहणार की नाही, हे त्या नाल्यावर ठरणार होतं. मला तेव्हा सरकार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. नाला ठाऊक होता. मी येता-जाता त्या नाल्याला हात जोडायची.

आणि एक दिवस पटवारी सांगत आला, साहेब येतोय. वरचा साहेब. गावाची परिस्थिती डोळ्यानं पाहणार आणि काम द्यायचं की नाही ते ठरवणार.

झालं! गावात लगीनघाई सुरू झाली. आता तुम्ही म्हणाल, दुष्काळ पाहायला येणाऱ्या माणसासाठी घाई कसली? तसेच राहायचं, जसे आहात तसे दिसायचं. पण आमच्याकडे पाहुणा म्हटला की माणसाचं डोकं वेगळंच चालतं. घरात चूल पेटो न पेटो, पाहुण्याच्या ताटात काही कमी पडलं तर सात पिढ्यांचं नाक जातं. सरपंच आमच्या अंगणात आले आणि मायला म्हणाले, ‘‘वहिनी, मांडे तुमीच कराचे. तुमच्या हातासारखे पंचक्रोशीत कोनाचे होत नाईत.’’

मांडे म्हणजे जावयाचं, व्याह्याचं जेवण. गव्हाची कणीक तेल लावून सैल तिंबायची, पुरण भरायचं, दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत तो मांडा फिरवत फिरवत पातळ करायचा आणि तापलेल्या पालथ्या खापरावर अलगद टाकायचा. माय टाकायची तेव्हा पलीकडचा माणूस दिसेल एवढा पातळ असायचा. तिला त्याचा गर्व होता. असणारच. तिच्याजवळ दुसरं होतं काय?

ओट्यावर खोकत बसलेले बाबा म्हणाले, ‘‘सरपंच, मानूस दुष्काळ पाहाले येऊन राह्यला ना? मंग त्याले तांबडी भाकर द्या, वर मिरचीचा ठेचा द्या, आन् करवंटीभर पानी द्या. एका घासात समजीन त्याले.’’

सरपंच हसले. माय मात्र चिडली. ‘‘तुमी गप बसा बरं! दारात आलेल्या मानसाले तांबडी भाकर? माह्या हातानं नाई होनार ते.’’

‘‘मंग करून घे त्याले जावई,’’ बाबा म्हणाले, आणि पुन्हा खोकायला लागले.

घराघरातून ओंजळ ओंजळ गहू आला. गहू कसला, बियाण्यासाठी मडक्यात राखेत ठेवलेला तो. कोणी गुळाचा खडा दिला. कोणी तुपाची वाटी दिली, ते तूप बाळंतिणीसाठी राखलेलं होतं. न्हाणीच्या कडेला मायनं वांग्याची चार झाडं भांड्याच्या खरकट्या पाण्यावर जगवली होती. पुढच्या सालच्या बियाण्यासाठी वांगी झाडावरच पिकवायची म्हणून ती आम्हाला कोणाला हात लावू देत नसे. त्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं ती खुडली. मी म्हटलं, माय, बी? ती म्हणाली, ‘‘काम निंघालं की दुसरं बी घेऊ बाई.’’ एकच वांगं तिनं ठेवलं, तेही किडकं होतं म्हणून.

सकाळी बायांनी आणखी एक गोष्ट केली. चावडीपुढचा फुफाटा कसा दिसतो म्हणून प्रत्येकीनं आपल्या घागरीतलं तांब्याभर पाणी दिलं आणि सडा टाकला. रांगोळी काढली. ज्या पाण्यासाठी आदल्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या होत्या, ते पाणी मातीवर टाकलं! आज आठवलं की मला माझ्याच गावाच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. आणि लगेच वाटतं, कसली गं थोबाडीत देते? किती चांगली माणसं होती ती.

साहेब जीपमधून उतरला. मला वाटलं होतं मोठ्या मिश्यांचा, दरडावणारा असेल. तसा नव्हता हो. गोरा, हसरा, हात जोडून सगळ्यांशी बोलणारा. दरडावणारा असता तर बरं झालं असतं, निदान आम्ही सावध राहिलो असतो. त्याला चावडीवर नेलं, सतरंजीवर बसवलं. तो म्हणाला, ‘‘आधी शिवार पाहून येऊ.’’ हो, म्हणाला होता, खोटं कशाला बोलू! पण सरपंच, पोलीस पाटील, सगळे एका तोंडानं ओरडले, ‘‘असं कसं साहेब? आधी जेवन. उपाशी पोटी पाव्हन्याले उन्हात फिरवता का आमी?’’

मग जेवण झालं. साहेबानं मांडे खाल्ले. वर तूप घेतलं. वांग्याची भाजी दोनदा मागितली. पोटभर जेवल्यावर भिंतीला टेकला आणि त्याचा डोळा लागला. दुष्काळ बाहेर उन्हात उभा, आणि साहेब आत घोरतोय! जागा झाला तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, पुढच्या गावाला उशीर होतोय. सरपंचांनी चावडीच्या ओट्यावरूनच हात लांब करून नाला दाखवला. ‘‘तो पाहा तिकडं.’’ साहेबानं हाताचा पंजा डोळ्यांवर धरून तिकडं पाहिलं. त्याला काय दिसलं असेल ते त्यालाच माहीत.

जाताना तो मुद्दाम आमच्या अंगणात आला. स्वयंपाक कोणी केला ते विचारत आला. माय डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी. तो म्हणाला, ‘‘ताई, माझी आई गेल्यापासून असे मांडे खाल्ले नव्हते. तुमच्या हाताला चव आहे.’’ न्हाणीजवळची वांग्याची झाडं पाहून म्हणाला, ‘‘वा, हिरवीगार आहेत की!’’ माय लाजली. ती दाराआडूनच म्हणाली, ‘‘साहेब, तेवढं नाल्याचं काम काहाडा. आमच्या घरच्या मानसाची तब्येत बरी नसते.’’

‘‘काळजी करू नका ताई. भावाला सांगितलंत ना? झालं समजा.’’

भाऊ! तो भाऊ म्हणाला तिला. मायला भाऊ नव्हता. त्या संध्याकाळी ती भांडी घासताना गुणगुणत होती. बाबा म्हणाले, ‘‘जावई करून घे म्हटलं होतं मी, तुनं भाऊ केला.’’ ती म्हणाली, ‘‘भाऊच त्यो. खाल्ल्या मिठाला जागीन, पाहा तुमी.’’

चांगले बरेच दिवस गेले. मी रोज नाल्यावर जाऊन पाहायची, कोणी चुना टाकला का, खुंट्या ठोकल्या का. एकदा दोन गाढवं उभी होती, तर मला वाटलं मातीकामाचीच आली.

मग पटवारी आला आणि चावडीवर मान खाली घालून बसला. म्हणाला, काम मंजूर नाही. सरपंचांनी विचारलं, काऊन? पटवारी आधी दप्तराची गाठ सोडत-बांधत बसला. शेवटी सांगितलं. साहेबानं त्याच्यासमोरच वर सांगितलं होतं, ‘‘त्या गावात टंचाई जाणवत नाही. सडा टाकायला पाणी आहे, परसात भाजी हिरवी आहे, जेवायला मांडे आहेत. मी स्वतः जेवून आलो. जास्त गरज असलेली गावं आधी घेऊ.’’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी म्हणते, अवलक्षण आमचं, ठीक. आम्ही येडे. पण तू शिकलेला होतास ना रे? ओंजळ ओंजळ गहू गोळा करताना घराघरांतली मडकी रिकामी झाली, हे तुला नाही दिसलं? वाढणाऱ्या बाईच्या हाताची हाडं नाही दिसली? तुझ्या ताटाकडे पाहत उभी असलेली लेकरं नाही दिसली? का पोट भरलं की डोळे मिटतात? आणि ‘भावाला सांगितलंत’ हे तुला कोणी बोलायला लावलं होतं? नुसता जेवून गेला असतास, तर आम्ही म्हटलं असतं, गेला एक कावळा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी इतकी भडकले नसते. चावडीवर सगळा गाव सुन्न बसला होता. कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायलाच हवं होतं. सरपंच म्हणाले, ‘‘वहिनीनं जरा जास्तच केलं.’’ आणि लोक म्हणाले, हाव, जास्तच केलं. कोणी म्हणालं, ती वांग्याची झाडं दाखवाची काय गरज होती? कोणी म्हणालं, भाव खायले केलं सगळं. ज्यांनी गहू आणून दिला तेच हे बोलत होते. मी तिथंच होते, माझ्या कानांनी ऐकलं. मी घरी येऊन मायला सांगितलं. ती तांबड्या ज्वारीतले खडे निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. खापर पोत्यात गुंडाळलं आणि माळ्यावर मागे सरकवून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात गावातली बरीच माणसं घाटाखाली निघाली. मायही निघाली. जायच्या आधी तिनं घर सारवलं, घागर भरून ठेवली, बाबांच्या काढ्याची अडुळशाची पानं वाळवून मडक्यात घातली. मला म्हणाली, ‘‘याहिले उन्हात जाऊ देजो नको. आन् रात्री उशी उंच देजो.’’ बाबा भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, ‘‘जाय बाई, जाय. तुह्या मांड्याचं नाव घाटाखालीबी गेलं, बलावनं आलं.’’ माय हसली नाही. बाबांनाही हसू आलं नाही. ती वळणापर्यंत गेली आणि मागं न पाहता पुढं गेली. मागं पाहिलं असतं तर ती गेलीच नसती, हे मला आता कळतं.

घाटाखालून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती ती धान्य पाठवायची. निरोप एकच असायचा, ‘‘उशी उंच देजो.’’ मी द्यायची. पण उन्हाळा वाढला तसा बाबांचा श्वास आखूड होत गेला. एका सकाळी ते उठून बसले ते बसूनच राहिले. आडवं होता येईना. शेजारची काकू धावत आली, छातीला तेल चोळलं. तिनं एका माणसाला घाटाखाली पिटाळलं. बाबा दाराकडे पाहत होते. मला म्हणाले, ‘‘आली का बाजारची राणी?’’ मी म्हटलं, ‘‘येऊन राह्यली बाबा, वाटंतच हाय.’’ काकूनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, ‘‘पानी घाल पोरी, तोंडात पानी घाल.’’ मी पळीनं घातलं. अर्धं आत गेलं, अर्धं बाहेर आलं. जेवणवेळेच्या आत सगळं संपलं.

उन्हाळ्याचे दिवस, गावानं मायसाठी थांबवलं नाही, त्याच दिवशी अग्नी दिला. माय दुसऱ्या दिवशी खडीच्या ट्रकमधून आली. केसांत, भुवयांत पांढरी धूळ. अंगणात बाया बसलेल्या पाहिल्या आणि तिथंच थांबली. तिनं हंबरडा फोडला नाही. माझ्याजवळ येऊन एवढंच विचारलं, ‘‘पानी पाजलं?’’

‘‘हाव.’’

‘‘कोनं?’’

‘‘म्या.’’

तिनं माझा उजवा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. आमच्याकडे नवऱ्याच्या तोंडात शेवटचं पाणी बायकोनं घालावं असा मान आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर नाला होता. तिथं माती टाकत असती तर भरली पाटी टाकून धावत आली असती. एवढंच माझं म्हणणं आहे. दम्यानं माणूस मरतो, मला कळतं. सरकारनं दमा दिला असं मी कुठं म्हणते? पण बायकोच्या हातचं पाणी तर मिळालं असतं!

पाऊस पुढच्या साली पडला. पडायचा तेव्हा पडतो. मायनं दुसरं बी आणलं, भाजी लावली, पुन्हा पाटी उचलली. सरपंच मध्ये एकदा येऊन म्हणाले, ‘‘वहिनी, झालं गेलं इसरून जा.’’ तिनं त्यांना चहा दिला. मी दिला नसता.

काही वर्षांनी, माझं लग्न ठरलेलं असताना, फाल्गुनात गारपीट झाली. गहू सोंगायला आला होता. लिंबाएवढ्या गारा. अर्ध्या तासात शिवार झोपलं. मायचा मिरचीचा तुकडा काड्यांचा झाला. पुन्हा साहेब येणार म्हणून निरोप आला. दुसरा, तरणा. पण या वेळी गाव शहाणं झालं होतं. सरपंच घरोघर सांगत फिरले, ‘‘सडा टाकाचा नाई. चुली पेटवाच्या नाईत. चांगलं लुगडं नेसाचं नाई. चहाचं नाव काढाचं नाई, पानीबी देऊ नोका.’’ मग म्हणाले, ‘‘रडल्याबिगर मायबी दूध पाजत नाई.’’ आमच्या दारात येऊन मायकडे न पाहता म्हणाले, ‘‘वहिनी, तुमीबी.’’

साहेब पायी फिरला. खरंच शेतोशेत फिरला, हे सांगायलाच हवं. दुपारी आमच्या अंगणात आला तेव्हा त्याचा चेहरा लाल झाला होता, ओठ सुकले होते. पोरगाच होता, मिसरूड फुटलेलं. ओट्याच्या कडेला टेकला आणि म्हणाला, ‘‘मावशी, जरा पाणी मिळेल का?’’

आत रांजण काठोकाठ भरलेला. दाराआड सरपंचाचा माणूस उभा. मी मायकडे पाहिलं. तिनं पदर ओढून घेतला, जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘पानी नाई, साहेब.’’

‘‘असू द्या मावशी, असू द्या,’’ तो घाईघाईनं म्हणाला. त्यालाच वाईट वाटलं, उगीच मागितलं म्हणून. तो उठून गेला.

माय थोडा वेळ बसून राहिली. मग एकदम उठली, आत गेली, तांब्या बुडवून भरला आणि बाहेर धावली. सरपंचाचा माणूस ‘‘वहिनी, वहिनी’’ करत राहिला. ती वळणापर्यंत पळत गेली. वळणावर थांबलेली त्याची जीप निघून गेली होती. ती तांब्या घेऊन धुळीत उभी होती, मी मागून जाऊन पोचले.

गावाला मदत मिळाली. सगळ्यांना मिळाली, आम्हालाही मिळाली, आणि वेळेवर मिळाली. गावानं पेढे वाटले. सरपंच म्हणाले, पाहा, असं असतं! माझं लग्न त्या पैशातच झालं. व्याह्यांना मांडे हवे होते. माय म्हणाली, खापर फुटलं. फुटलं नव्हतं, माळ्यावर होतं, मला माहीत होतं.

सासरी जायच्या आदल्या दिवशी ती माझे केस विंचरत होती. मधेच फणी थांबली. मला म्हणाली, ‘‘एकाले जीव तोडून मांडे खाऊ घातले, त्यानं माहं घर मोडलं. एकाले घोटभर पानी नाई म्हटलं, त्यानं तुहं लगन लावून देल्लं. दोघंबी सरकारच. आता तू सांग बाई, उद्या कोनी तहानलेला दारात आला, तं म्या काय करू?’’